सर्व्हर अपग्रेड झाला आणि शेअर फोल्डर उघडेना : आधी हे तपासा

सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारी सुरू होतात. झेड ड्राइव्हवर (सर्व्हरच्या शेअर फोल्डरला कॉम्प्युटरवर दिलेलं अक्षर) लाल फुली येते, टॅलीला डेटा सापडत नाही, झेरॉक्स मशीनवर केलेलं स्कॅन फोल्डरमध्ये पोचत नाही. बहुतेक वेळा डेटा जागेवरच असतो, नव्या आवृत्तीने आत घेण्याचे नियम तेवढे कडक केलेले असतात. म्हणून घाईघाईत सर्व्हरवरचं काही डिलीट करू नका, त्याच नावाचं नवं फोल्डर बनवू नका, आणि 'एव्हरीवन'ला (म्हणजे सगळ्यांना) फुल कंट्रोल तर मुळीच देऊ नका.

सर्व्हरपर्यंत पोचता येतं का?

एकाच कॉम्प्युटरवर अडत असेल तर दोष बहुधा त्या कॉम्प्युटरचा, सगळीकडे अडत असेल तर सर्व्हरचा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, दोन उलट्या तिरप्या रेघा मारून पुढे सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाका, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.१० (आकडे इंग्रजी). आयपीने उघडलं पण नावाने उघडत नाही, तर शेअरिंग ठीक आहे, फक्त नाव ओळखलं जात नाही. ड्राइव्ह आयपीवर मॅप करून काम सुरू करा. 'नेटवर्क'च्या यादीत सर्व्हर दिसत नाही, एवढ्यावरून तो बंद आहे असं धरू नका. ती यादी जुन्या पद्धतीवर चालायची आणि नव्या आवृत्त्यांत ती पद्धत बंद असते.

लाइट जाऊन आल्यावर राउटरने सर्व्हरला दुसराच आयपी दिला, असंही आपल्याकडे वारंवार होतं. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी कायमचा बांधून घ्या.

पिंगला (सर्व्हर जागा आहे का हे विचारणारी आज्ञा) उत्तर येतं पण फोल्डर उघडत नाही, अशा वेळी पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंगचं दार, बघा. पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन आज्ञेला आयपी आणि हा पोर्ट द्या. शेवटी 'फॉल्स' आलं तर सर्व्हरची फायरवॉल अडवतेय किंवा शेअरिंगची सर्व्हिस सुरूच झालेली नाही. विंडोज सर्व्हरवर अपग्रेडनंतर नेटवर्क 'प्रायव्हेट'चं 'पब्लिक' झालंय का, तेही बघा.

पासवर्ड बरोबर, तरी आत घेत नाही

एरर १३२६ किंवा ८६ म्हणजे युजर किंवा पासवर्ड जुळत नाही. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे कॉम्प्युटर उघडायचा चार आकडी पिन सर्व्हरचा पासवर्ड विचारणाऱ्या चौकटीत टाकणे. तो पिन त्या कॉम्प्युटरपुरता असतो. सर्व्हरला सर्व्हरवरच्या युजरचा पासवर्डच लागतो. कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या नावाची आणि आयपीची जुनी नोंद काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग युजरच्या आधी सर्व्हरचं नाव आणि उलटी तिरपी रेघ लावून लॉगिन करा. १२१९ आला तर त्याच सर्व्हरला दुसऱ्या युजरने आधीच जोडणी झालेली आहे. ती तोडल्याशिवाय नवी होत नाही.

लिनक्स सर्व्हरवर सांबाचे (विंडोज कॉम्प्युटरना फोल्डर शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळे ठेवलेले असतात. अपग्रेडऐवजी नव्याने इन्स्टॉल केलं असेल आणि ती यादी परत आणली नसेल, तर प्रत्येक युजर सांबात पुन्हा घालावा लागतो.

फोल्डर उघडतं पण फाइल सेव्ह होत नाही, किंवा एरर ५ येतो, तेव्हा प्रश्न परवानगीचा. विंडोजमध्ये शेअरची आणि सिक्युरिटी टॅबमधली अशा दोन परवानग्या असतात आणि त्यांतली जी कडक ती लागू होते. दोन्ही बघा.

जुनी मशीनं : खरी अडचण इथे

जिनिंग किंवा दालमिलच्या वजनकाट्यावरचा विंडोज एक्सपी कॉम्प्युटर आणि मोंढ्यातल्या अडतीवरचं जुनं झेरॉक्स मशीन, या दोघांना बऱ्याचदा एसएमबी १ एवढीच भाषा येते. एसएमबी म्हणजे नेटवर्कवर फाइल शेअर करण्याची पद्धत, आणि १ ही तिची सर्वांत जुनी आवृत्ती. सांबाने २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीपासून ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. विंडोज १० मध्येही २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून ती नव्या इन्स्टॉलमध्ये येत नाही. विंडोज ७ ला मात्र एसएमबी २ येते, त्याची काळजी नको.

'तेवढं एसएमबी १ चालू करून द्या' ही मागणी आम्ही मान्य करत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. एका स्कॅनरसाठी सगळ्या हिशेबांचं दार उघडं ठेवणं परवडणारं नाही. मशीनच्या नव्या फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) एसएमबी २ मिळतं का बघा. नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. काट्याचा एक्सपी कॉम्प्युटर नेटवर्कमधून काढा आणि जमेल तितक्या लवकर बदला.

कधी कधी सर्व्हर निर्दोष असतो आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरच अपडेट झालेले असतात. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीला पासवर्डविना गेस्ट शेअर चालत नाही, आणि सर्व्हरने एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर डिजिटल सही) करणं ती सक्तीचं धरते. पासवर्ड न लावता ठेवलेली स्टोरेज पेटी (नेटवर्कला जोडलेली हार्डडिस्कची पेटी) इथेच अडते. कॉम्प्युटरची ही सक्ती काढू नका. पेटीवर प्रत्येकाचा युजर बनवा, पासवर्ड द्या आणि सायनिंग चालू करा.

यातून सुटलं नाही तर फोन करण्याआधी एररचा पूर्ण आकडा दिसेल असा स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. फोल्डर आयपीने उघडतं की नाही, अडचण किती कॉम्प्युटरवर आहे आणि कोणत्या तारखेपासून, एवढं सांगितलंत की बरंचसं काम फोनवरच होतं.