मायसेलमधील कायरॅलिटी आणि कोकणातील साबणी द्रव्ये

साबणासारख्या पृष्ठक्रियाकारकाच्या रेणूला पाण्यात रमणारे डोके आणि पाणी टाळणारी शेपटी असते. द्रावणातले त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून रेणू आपोआप गोळा होतात. हा पुंजका म्हणजे मायसेल. सोडियम डोडेसिल सल्फेट या नेहमीच्या पृष्ठक्रियाकारकाच्या बाबतीत ही मर्यादा लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल असून एका मायसेलमध्ये साधारण ६० रेणू असतात. जो रेणू स्वतःच्या आरशातील प्रतिमेशी तंतोतंत जुळत नाही, तो कायरल. मात्र रेणू कायरल असला म्हणून पुंजक्यालाही पीळ पडतोच असे नाही. कायरल केंद्र, म्हणजे ज्या कार्बनमुळे रेणू कायरल होतो तो, रेणूत कुठे आहे आणि रेणू किती शिस्तीत रचले जातात, यावर ते ठरते.

कोकण किनाऱ्यावर ओळखीच्या असलेल्या तीन द्रव्यांत हा फरक स्पष्ट दिसतो. खोबरेल तेलात जवळपास निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा. त्यात एकही असममित (चार वेगवेगळे गट जोडलेला) कार्बन नाही, म्हणून त्याच्या साबणाचे मायसेल कायरल नसतात. (खाऱ्या पाण्यातही हा साबण बऱ्यापैकी फेसाळतो, पण त्याचे कारण आखूड साखळी, कायरॅलिटीचा तिथे काही संबंध नाही.)

रिठ्याला फेस आणणारे सॅपोनिन अगदी वेगळे. हेडेराजेनिन या ताठ, अनेक वलयांच्या सांगाड्याला शर्करा जोडलेल्या असतात आणि दोन्ही भाग कायरल केंद्रांनी भरलेले असतात. त्यामुळे त्याचे मायसेल कायरल घटकांचेच बनलेले असते. तरीही गोलसर, प्रवाही मायसेलमध्ये हा गुण आसपासच्या रेणूंपुरताच जाणवतो. बाहेरून पीळ दिसेलच असे नाही.

खरी गंमत एरंडेलाची. त्यातील रिसिनोलेइक आम्लाच्या बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो आणि तोच कार्बन कायरल. तेलाचे हायड्रोजनीकरण केले तरी हे केंद्र शाबूत राहते. मिळालेल्या १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लाचा लिथियम साबण तेलात घातला की हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात, आणि काथ्याच्या सुंभासारखे पीळदार तंतू तयार होतात. यंत्रांना लावायचे लिथियम ग्रीस घट्ट राहते ते या तंतूंच्या जाळ्यामुळे. या आम्लाची दोन्ही प्रतिरूपे (एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेले रेणू) समप्रमाणात मिसळली तर पीळ जाऊन चपट्या पट्ट्या मिळतात. हे तंतू मायसेल नव्हेत, हे मात्र लक्षात ठेवावे. तिथे साखळ्या स्फटिकासारख्या गोठलेल्या असतात, म्हणूनच एका केंद्राचा कल संपूर्ण तंतूभर पोचतो.

पृष्ठक्रियाकारक स्वतः कायरल नसला तरी पीळ पडू शकतो. रेइको ओडा, इव्हान ह्यूक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दोन डोकी व दोन शेपट्यांच्या धनभारित रेणूला टार्टरेट हा कायरल प्रतिआयन (विरुद्ध भाराचा आयन) दिला, तेव्हा द्विस्तरी फिती पीळ घेऊ लागल्या. टार्टरेटच्या दोन प्रतिरूपांचे प्रमाण बदलले की पिळाची लांबी बदलत गेली.

पित्तक्षारांच्या ताठ स्टेरॉइड सांगाड्याचे मायसेल तर कायरल रेणूंची दोन प्रतिरूपे कमी-अधिक घट्ट धरतात. केशिका विद्युत्कण संचलनात (अतिबारीक नळीत विद्युतदाबाने रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीत) औषधांची प्रतिरूपे वेगळी करण्यासाठी हाच फरक वापरला जातो.