विल्म्स अर्बुद : उपचार व फलानुमान

लहान मुलांच्या मूत्रपिंडाला होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये विल्म्स अर्बुद आढळते. जर्मन शल्यचिकित्सक माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालील असतात. मूल हसतखेळत असते आणि अंघोळ घालताना आईच्या हाताला पोटाच्या एका बाजूस टणक, न दुखणारी गाठ लागते. पुष्कळदा हीच पहिली खूण असते. ही गाठ वारंवार दाबून पाहू नये, कारण आवरण फाटल्यास कर्करोगाच्या पेशी पोटात पसरतात.

उपचारात शस्त्रक्रिया, औषधे आणि गरजेनुसार किरणोपचार यांची सांगड घालतात. शस्त्रक्रियेत गाठीसह सबंध मूत्रपिंड अखंड काढणे महत्त्वाचे असते. जवळच्या लसीका ग्रंथी वरवर निरोगी दिसल्या तरी त्यांचे नमुने घ्यावेच लागतात, नाहीतर रोगाची अवस्था, म्हणजे तो किती पसरला आहे हे, खात्रीने ठरवता येत नाही. गाठ शस्त्रक्रियेदरम्यान फुटली, तर रोग तिसऱ्या अवस्थेत धरला जातो आणि पोटावर किरणोपचार द्यावे लागतात. उत्तर अमेरिकेत सहसा आधी शस्त्रक्रिया करतात, तर युरोपीय पद्धतीत चार आठवडे व्हिन्क्रिस्टीन व ॲक्टिनोमायसीन-डी ही औषधे देऊन गाठ आधी लहान करून घेतात. दोन्ही पद्धतींनी वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळपास सारखे आहे. मात्र भारतात अनेक मुले गाठ बरीच वाढल्यावरच रुग्णालयात पोचतात, त्यांच्यासाठी दुसरी पद्धत अधिक सुरक्षित वाटते. दोन्ही मूत्रपिंडांत गाठी असल्यास आधी औषधे देऊन, नंतर शक्य तितका निरोगी भाग राखून शस्त्रक्रिया करतात.

फलानुमान, म्हणजे रोगातून बरे होण्याचा अंदाज, अवस्थेइतकेच पेशींच्या रूपावर अवलंबून असते. अनुकूल रूपाच्या अर्बुदात, संपूर्ण उपचार मिळाल्यास, सुमारे ९० टक्के मुले वाचतात, आणि रोग फुप्फुसांत पसरला असला तरी बहुसंख्य मुले बरी होतात. सर्वत्र विखुरलेल्या विकृत केंद्रकांच्या पेशी असलेला प्रकार मात्र औषधांना सहजासहजी दाद देत नाही. तो दूर पसरलेला असल्यास निम्म्याहून कमी मुले वाचतात. उपचार अर्धवट सुटणे हेही तितकेच घातक आहे. गावापासून रुग्णालयाचे अंतर, बुडणारी मजुरी आणि गाठ काढल्यावर मूल बरे दिसणे यांमुळे पालक पुढची औषधे थांबवतात, म्हणून राहण्याची सोय आणि आर्थिक मदत हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

यश वाढल्यानंतर संशोधकांनी उपचार सौम्य करण्याकडे लक्ष वळवले, आणि ते योग्यच झाले. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाने हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेतील मध्यम जोखमीच्या मुलांना ते वगळले तरी चालते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत दिसले. किरणोपचारांमुळे पुढे पाठीचा कणा वाकडा होण्याची शक्यता असते.

रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, त्यामुळे या काळात पोटाची सोनोग्राफी व छातीचा तपास ठरलेल्या अंतराने करतात. उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढून दोघांचे काम पेलते, पण रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने आयुष्यभर तपासत राहावी लागतात.