नोसोबच्या पात्रातली सीमा : कगालागादी उद्यानाची पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना यांच्या सीमेवर, कालाहारीच्या वाळवंटात पसरलेल्या कगालागादी उद्यानात (तिथल्या लोकांचा उच्चार ‘खलाखादी’च्या जवळ जातो) पर्यटकाची गाडी दिवसभर आउब आणि नोसोब या दोन कोरड्या नद्यांच्या पात्रांना धरून चालते. या वाटेचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो. १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला शेजारच्या जर्मन वसाहतीवर (आजच्या नामिबियावर) सैन्य पाठवायचं होतं, म्हणून आउबच्या पात्रात पाण्यासाठी बोअरवेल घेतल्या गेल्या. युद्ध संपलं, बोअरवेल राहिल्या आणि त्या राखायला नेमलेली माणसंही राहिली. पाण्यामागून शेतकरी आले, त्यांच्यामागून बंदुका. गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक हरणांची शिकार इतकी वाढली की ३१ जुलै १९३१ ला दोन नद्यांमधला पट्टा राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. पलीकडे, आजच्या बोट्स्वानात, १९३८ मध्ये अभयारण्य राखलं गेलं.

नोसोबचं पात्र हीच दोन देशांची सीमा. तिथे कुंपण कधीच नव्हतं. १९४८ मध्ये दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी कागदाविना, तोंडी ठरवलं की जनावरांना मोकळं येऊ-जाऊ द्यायचं. तो शब्द पन्नास वर्षं पाळला गेला, वर्णभेदाच्या काळात दोन्ही देशांचे संबंध ताणलेले असतानाही. त्यामुळे ‘२००० साली सीमा पुसली’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते मला पटत नाही. ७ एप्रिल १९९९ चा करार आणि १२ मे २००० चं उद्घाटन यांनी मुख्यतः आधीच चालत आलेली व्यवहारातली गोष्ट कायद्यात आणली. सुमारे ३८,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश एका नावाखाली आला. त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग बोट्स्वानाचा आहे.

खरी अडवणारी रेघ दुसरीकडे होती, उद्यानाच्या दक्षिण हद्दीवर. ती माणसांसाठी होती.

या वाळूत पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत, कंदमुळं गोळा करत राहिलेल्या खोमानी सान या आदिवासी लोकांना उद्यान झाल्यावर टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं गेलं. कुणी शेतमळ्यांवर मजुरीला लागलं, कुणी गावांच्या कडेला विखुरलं. त्यांची नुऊ भाषा संपली असं अभ्यासकांनी धरलं होतं. १९९०च्या दशकात ती बोलणारी मोजकी म्हातारी माणसं सापडली, आणि कुठल्या टेकाडाला, कुठल्या पाणवठ्याला काय म्हणायचे, कोण कुठे पुरलं आहे, हे त्यांच्याकडून नकाशांवर नोंदवलं गेलं. १९९५ मध्ये जमीन परत मिळावी म्हणून दावा दाखल झाला. वर्णभेद संपल्यावरच्या १९९४ च्या कायद्यात १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनीसाठीच दाद मागता येत होती. उद्यान १९३१ चं, म्हणून हा दावा त्यात बसला.

मागणी उद्यानातल्या सुमारे चार लाख हेक्टरची होती. २१ मार्च १९९९ ला तडजोड झाली, म्हणजे दोन देशांच्या करारावर सह्या होण्याच्या अवघे सतरा दिवस आधी. उद्यानाच्या दक्षिणेला सुमारे ४० हजार हेक्टरचे मळे मिळाले. उद्यानातल्या जमिनीचा निकाल २००२ पर्यंत लांबला. त्यात खोमानी सानांना २५ हजार हेक्टर आणि उद्यानाच्या दक्षिणेला राहणाऱ्या मिअर समाजाला, ज्यांचाही या भूमीवर दावा होता, तितकीच जमीन मिळाली.

या निर्णयावरचा वाद अजून शमलेला नाही. मालकी समाजाची, पण जमीन उद्यानाचाच भाग. तिथे घर बांधून कायमचं राहता येत नाही, शेती करता येत नाही, गुरं पाळता येत नाहीत. पायी हिंडायला, कंदमुळं गोळा करायला, मुलांना माग काढणं शिकवायला मात्र जाता येतं, आणि ठरावीक भागात हा हक्क त्या २५ हजार हेक्टरांच्या पलीकडेही पोहोचतो. बाजू घेणारे म्हणतात, जंगल अखंड राहिलं आणि हक्कही मान्य झाला; मालकाला वस्ती करू दिली तर मग कुंपणं आणि गुरं आलीच. हा मुद्दा मी हलका मानत नाही. तरी जिथून माणसाला उठवलं तिथेच त्याला मालक करायचं आणि चूल मात्र मांडू द्यायची नाही, याला परतफेड म्हणताना माझी जीभ अडखळते. ‘सहव्यवस्थापन’ हा या करारातला लाडका शब्द; त्यात ‘सह’ किती आणि व्यवस्थापन कुणाचं, यावर सारा वाद येऊन ठेपतो. दोन्ही समाजांच्या मालकीचं पर्यटक निवासस्थान २००७ मध्ये याच जमिनीवर सुरू झालं. २०१७ मध्ये खोमानी सांस्कृतिक प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला.

पर्यटकाला सीमा आज क्वचितच जाणवते. ज्या देशाच्या दारातून आत शिरलात त्याच देशात बाहेर पडणार असाल, तर आत दोन्ही बाजूंना फिरताना पासपोर्टवर शिक्का लागत नाही. दुसऱ्या देशात उतरायचं असेल, तर मात्र उद्यानात किमान दोन रात्री काढाव्या लागतात, म्हणजे कुणी हा नुसता जवळचा रस्ता म्हणून वापरू नये. प्रवेशशुल्क दोन्ही देश निम्मं-निम्मं वाटून घेतात. राहण्या-जेवणाचं उत्पन्न ज्याचं त्याच्याकडे. पश्चिमेला नामिबियाच्या सीमेवरचं कुंपण अजून उभं आहे. तिथलं माटा-माटाचं फाटक बरीच वर्षं बंद राहून २००७ मध्ये पुन्हा उघडलं.