सॅफ महिला फुटबॉल : फॉर्म नाही, पण कागद भरपूर

"सर, ह्या सॅफचा फॉर्म कुठं मिळतो? पोरीचा भरून टाकावा म्हणतो." वर्षातून चार-पाच वेळा तरी मला हा प्रश्न येतो. विचारणारे बाबा मैदानाच्या कडेला गाडीवर बसलेले असतात आणि हँडलला कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी अडकवलेली असते. तसा फॉर्मच नाही, त्यामुळे तो मिळायचा प्रश्न येत नाही. ती पिशवी मात्र फार कामाची आहे. हे सगळं तिच्यासाठीच लिहितोय.

आधी स्पर्धेबद्दल थोडक्यात. सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे सात देश त्यात आहेत. महिलांची अजिंक्यपद स्पर्धा २०१० मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला सुरू झाली. पहिली पाचही अजिंक्यपदं भारताची. मग २०२२ आणि २०२४ मध्ये काठमांडूच्या दशरथ स्टेडियमवर बांगलादेशच्या मुलींनी नेपाळला नेपाळच्याच प्रेक्षकांसमोर हरवून करंडक नेला. सिनिअरशिवाय वयोगटांच्याही स्पर्धा होतात, आणि आपल्या मुलींना पहिली संधी बहुधा तिथेच मिळते.

या स्पर्धेत प्रवेशिका देशाची असते. खेळाडूंची नावं अखिल भारतीय फुटबॉल महासंघ पाठवतो. तिथपर्यंत पोचायची वाट अशी: क्लब किंवा शाळा, मग जिल्हा संघटना (कोल्हापुरात केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन), मग राज्याची संघटना. महाराष्ट्रात ती विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळायची. सिनिअर महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे, हे आपल्याकडच्या बऱ्याच फुटबॉलवाल्यांनाही ठाऊक नसतं. तिथला खेळ किंवा इंडियन विमेन्स लीगमधला खेळ बघून संभाव्य खेळाडूंना राष्ट्रीय संघाच्या कॅम्पला बोलावतात आणि कॅम्पमधून अंतिम यादी ठरते. गोव्याची करिश्मा शिरवोईकर राष्ट्रीय संघापर्यंत गेली, म्हणजे ही वाट नुसती कागदावरची नाही.

या वाटेवरचा पहिला कागद म्हणजे महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीतली नोंदणी. ती क्लबमार्फत होते. जन्मदाखला, ओळखपत्र आणि फोटो अपलोड करावे लागतात आणि मंजुरी मिळाली की खेळाडूला क्रमांक मिळतो. हा क्रमांक आयुष्यभराचा समजा. क्लब बदलला तरी नवीन नोंदणी करायची नसते, ट्रान्स्फर करायची असते. एकाच मुलीच्या दोन नोंदी झाल्या की त्या निस्तरता निस्तरता अख्खा सीझन जातो.

आता जन्मदाखला. वयोगटाच्या स्पर्धेत वय वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे डिसेंबर आणि जानेवारीतल्या जन्मांवर सगळ्यांचीच बारीक नजर असते. कायद्याने जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्षभरानंतर नोंद करायची झाली तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्यावर जन्मतारखेखाली नोंदणीची तारीखही छापलेली असते आणि तपासणारा माणूस आधी तीच बघतो. जन्म २००९ चा आणि नोंद २०२१ ची असेल, तर प्रश्न विचारले जाणारच. अशा वेळी हॉस्पिटलचा कागद आणि पहिलीत प्रवेश घेतला त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जवळ ठेवा. शंका राहिली तर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात. त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त तारखेत 'थोडं इकडंतिकडं' केलं असेल तर ते तिथं उघडं पडतं.

नावाचा घोळ हा मराठी माणसाचा खास प्रश्न. आपलं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आधारवर तिन्ही, दाखल्यावर फक्त पहिलं, आणि सीआरएसवर क्लबच्या कुणीतरी घाईत पहिलं आणि आडनाव एवढंच टाकलेलं. त्यात इंग्रजी स्पेलिंग. 'श्रावणी'मधल्या श्रला कुणी 'एसएचआर' लिहितं, कुणी नुसतं 'एसआर'. शाळेत कुणाचं काही अडत नाही. पण आंतरराष्ट्रीय सामन्यात ओळख पटवतात ती पासपोर्टवरून, म्हणून पासपोर्टवर जे छापणार तेच स्पेलिंग बाकी सगळीकडे करून घ्या. आधार दुरुस्ती सोपी आहे. नाव मुळातूनच बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं, त्याला वेळ धरा.

पासपोर्टवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पाय इथेच अडकतात. "नेपाळला व्हिसा लागत नाही, मग पासपोर्ट कशाला?" असं मला एका पालकांनी ठणकावून विचारलं होतं. पर्यटक म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण संघाच्या यादीत राष्ट्रीयत्व सिद्ध करणारा कागद पासपोर्टच असतो, आणि पुढची स्पर्धा ढाक्याला असेल तर त्यावर व्हिसाही लागणार. स्पर्धेच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, हा सरधोपट नियम धरून चाला.

अठराच्या आतल्या मुलांना पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा मिळतो, यातलं जे आधी येईल ते. आमच्या क्लबच्या एका मुलीचा पासपोर्ट सोळाव्या वर्षी काढला होता. घरच्यांनी पाच वर्षं गृहीत धरली. कॅम्पचं बोलावणं आलं तेव्हा मी तो उघडून बघितला, तर मुदत तिच्या अठराव्या वाढदिवसाला संपत होती आणि वाढदिवस सात आठवड्यांवर. तत्काळमध्ये अर्ज, दोन हजार रुपये जादा, अपॉइंटमेंटसाठी तीन दिवस पहाटे उठून संगणकासमोर बसणं, एवढं झाल्यावर काम झालं. पंधरा ते अठरा या वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, फी हजाराऐवजी पंधराशे. अर्जातला हा पर्याय कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मुलगी अल्पवयीन असेल तर आईवडील दोघांच्या संमतीचं जोडपत्र 'डी' लागतं. एकाच पालकाची सही मिळणार असेल तर जोडपत्र 'सी' आहे. एकट्या आयांनी उगाच हबकून जाऊ नये.

परदेशातल्या मराठी घरांतूनही विचारणा होते, म्हणून नागरिकत्वाबद्दल. फिफाच्या नियमाने त्या देशाचं कायमचं नागरिकत्व असावं लागतं. पाकिस्तान दुहेरी नागरिकत्व काही देशांपुरतं मान्य करतो, त्यामुळे ब्रिटन-अमेरिकेत वाढलेल्या मुली त्यांच्याकडून खेळतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर भारतात येऊन राहता येतं, शिकता येतं, पण भारताची जर्सी घालता येत नाही. त्यासाठी पाच वर्षं ओसीआय असणं आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहणं, मग नागरिकत्वाची नोंदणी, आणि परदेशी पासपोर्टवर पाणी. दुबई-मस्कतच्या मुलींचं गणित सोपं, कारण त्यांच्याकडे बहुतेक भारतीयच पासपोर्ट असतो. गोव्यात मात्र सांभाळून. आजोबांच्या नावावर पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. तो निर्णय युरोपातल्या नोकरीसाठी घेतलेला असतो, तेव्हा घरातली बारा वर्षांची पोर फुटबॉल खेळते हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

आणखी एक. देश बदलण्याची मुभा फिफा एकदाच आणि कडक अटींवर देते. दुसऱ्या देशाच्या संघातून अधिकृत सामना खेळण्याआधी हे घरात बोलून घ्या.

शेवटी वैद्यकीय. मोठ्या स्पर्धांआधी ईसीजीसह हृदयाची तपासणी होते. जुने रिपोर्ट असतील तर पिशवीत टाका. दम्याचा पंप वापरणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवावं, की डोपिंगच्या नियमांत पंपातलं साल्ब्युटामॉल हे औषध २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पर्यंत चालतं. गोळी किंवा सिरपच्या रूपात तेच औषध चालत नाही, त्यासाठी नाडाकडून (डोपिंग रोखणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून) आधी उपचारार्थ सूट घ्यावी लागते. सर्दीवर मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळीचंही पाकीट फेकू नका. त्यावरचं औषधाचं नाव संघाच्या डॉक्टरला दाखवावं लागतं.

पिशवीत प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स, सहा पासपोर्ट फोटो आणि फोनमध्ये सगळ्याचं स्कॅन असू द्या. मूळ जन्मदाखला कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका. दाखवायचा आणि परत घ्यायचा. लॅमिनेशन तर अजिबात करू नका.