संग्रहालय-सहल (ग्रामीण विदर्भ)

संग्रहालय, विज्ञान केंद्र, तारांगण, स्मारक किंवा विज्ञान प्रदर्शनी पाहण्यासाठी सकाळी निघून त्याच दिवशी घरी परतण्याच्या प्रवासाला संग्रहालय-सहल म्हणता येईल. ग्रामीण विदर्भात ही सहल मुख्यतः शाळा काढतात. कुटुंबे तिच्यासाठी सहसा वेगळी निघत नाहीत. दवाखाना, लग्न किंवा दीक्षाभूमीचे दर्शन अशा निमित्ताने नागपूरला जाणे झाले, की उरलेल्या वेळात ती बसवली जाते. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत पाहण्याजोगी ठिकाणे विषम पसरलेली आहेत. मोठी संग्रहालये नागपूर आणि वर्धा या दोन जिल्ह्यांत एकवटलेली असल्याने यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या मुलांना त्यांच्यासाठी जिल्हा ओलांडावा लागतो. यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे, तर सिरोंच्याहून ते ३५० किलोमीटरांपेक्षाही दूर पडते. त्यामुळे मुलांनी काय पाहायचे हे अभ्यासक्रमापेक्षा अंतरच अधिक ठरवते.

सहलीचा हंगाम दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो. उन्हाच्या कडाक्यामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरचे महिने पेरणी, निंदण आणि नाल्यांच्या पुरांत जातात. पश्चिमेकडे कापसाची वेचणी आणि पूर्वेकडील झाडीपट्टीत धानाची कापणी व गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सहलीच्याच दिवसांत येतात. घरात हंगामाचा पैसा आल्यावर वर्गणी मागणे शिक्षकांनाही सोयीचे जाते. जागतिक संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो. त्या दिवशी विदर्भातील शाळांना सुट्टी असते आणि पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा या दिनाचा येथील सहलींशी फारसा संबंध उरलेला नाही. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन मात्र सोयीच्या दिवसांत येतो.

वाहन म्हणून बहुतेक शाळा राज्य परिवहन महामंडळाची बस प्रासंगिक करारावर घेतात, कारण शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. पालकांची संमतीपत्रे, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुलींबरोबर शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी ही तयारी ठरलेली असते. वेळेचा हिशेब मात्र अनेकदा कोणी नीट मांडत नाही. १५० किलोमीटरवरून पहाटे ५ वाजता निघालेली बस चहापाण्याचा थांबा घेत ९च्या सुमारास पोहोचते, आणि अंधार पडण्याआधी गावाकडची वाट धरायची तर दुपारी ३च्या पुढे थांबता येत नाही. हाती राहतात सहा तास, आणि त्यातलाही एक तास डबे उघडून पोळी आणि आलूची सुकी भाजी खाण्यात जातो. एवढ्या वेळात दोन ठिकाणे नीट पाहून होतात. सहलीच्या पत्रकावर सहा-सात ठिकाणांची नावे छापण्याची पद्धत आहे. ती पालकांना भरघोस वाटते, पण मुलांचा दिवस बसमध्ये चढण्या-उतरण्यात संपतो.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला अजब बंगला, १८६३ साली स्थापन झाले. सध्या ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. पेंढा भरलेले प्राणी, शिल्पे, नाणी, शिलालेख व ताम्रपट, शस्त्रे, चित्रे आणि आदिवासी जीवनातील वस्तू अशी वेगवेगळी दालने तेथे आहेत. बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० साली तांब्याच्या ४००हून अधिक प्राचीन हत्यारांचा साठा सापडला होता. त्याचा काही भाग या संग्रहालयात आहे. सोमवारी हे संग्रहालय बंद असते, हे ठाऊक नसल्यामुळे रविवारी परगावी मुक्काम करून सोमवारी दाराशी पोहोचणारे लोक आजही भेटतात.

या संग्रहालयाच्या आरंभकाळाशी स्टीफन हिस्लॉप या मिशनरी शिक्षकाचे नाव जोडले जाते. विदर्भातील खडक, जीवाश्म आणि आदिवासी समाज यांचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो होता. नागपूरजवळच्या टाकळघाट येथील महापाषाणयुगीन शिळावर्तुळे (प्राचीन दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे) पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. टाकळघाट बुटीबोरीजवळ, म्हणजे नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या मार्गापासून फार दूर नाही, तरी सहलीच्या बसगाड्या तेथे वळत नाहीत. काटोल मार्गावरील जुनापाणीच्या शिळावर्तुळांचीही हीच गत आहे.

आदिवासी दालनाबाबत एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शहरी प्रेक्षकाला तेथील मासे धरण्याची साधने, दागिने किंवा वाद्ये दूरच्या जगातील वाटतात. गडचिरोलीच्या माडिया, यवतमाळच्या कोलाम किंवा मेळघाटातील कोरकू मुलाला मात्र त्यांतल्या काही वस्तू घरातल्याच असतात. अशा वेळी काचेमागची पाटी वाचून दाखवणाऱ्या शिक्षकाने काही क्षण गप्प राहून त्या मुलालाच बोलू द्यावे, कारण ती वस्तू कशाची बनते, कोण बनवतो आणि कोणत्या दिवसांत वापरतात हे पाटीवर क्वचितच लिहिलेले असते. उलट, पाट्यांवरचा मजकूर वहीत उतरवून घेण्याचे काम मुलांना देणे हा सहलीतील सर्वांत रूढ आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार आहे. एकच वस्तू निवडून तिचे चित्र काढायला सांगितले तर मूल तिच्यासमोर पंधरा मिनिटे तरी उभे राहते.

नागपुरातील गांधीसागर तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या अखत्यारीत असून ते १९९२ साली सुरू झाले. १९९७ साली त्याला तारांगणाची जोड मिळाली. चंद्रशेखर वेंकट रमण हे सरकारी लेखा खात्यात असताना १९१०च्या सुमारास काही काळ नागपूरला नेमणुकीवर होते, त्यामुळे केंद्राचे नाव शहराला परके नाही. येथील प्रदर्शिते हाताळण्यासाठीच मांडलेली असतात: तरफ दाबावी, चाक फिरवावे, वक्र आरशासमोर उभे राहून स्वतःला बुटके होताना पाहावे. विहिरीवरचा रहाट, बैलगाडीचे जू किंवा पाणी उपसायचा पंप ज्यांनी रोज पाहिला आहे, त्यांना यामागची तत्त्वे नवी नसतात. नवे असते ते त्या तत्त्वांना सूत्र असते हे कळणे. बाहेरच्या उद्यानात मुले सर्वाधिक रमतात, आणि वेळेअभावी तेथूनच त्यांना आधी हाकलले जाते.

तारांगणातील खेळाची वेळ आधी विचारून घ्यावी लागते, कारण तिच्याभोवतीच दिवसाची बाकीची आखणी होते. घुमटाखाली दिसणारे आकाश शहरातल्या मुलांना अपूर्वाईचे असते. खेड्यातल्या मुलांनी ते अंगणात बाजेवर पडून पाहिलेले असते. विदर्भातील गोंड लोकांच्या परंपरेत सप्तर्षींचा चौकोन ही बाज आणि मागचे तीन तारे हे ती चोरायला आलेले चोर मानतात, तर मृग नक्षत्राच्या ताऱ्यांत शेतीची अवजारे पाहिली जातात. ही माहिती मुलांना घुमटाखाली सांगितली जात नसली, तरी परतीच्या बसमध्ये सांगता येते.

नागपुरातच मोतीबाग येथील नॅरो गेज रेल्वे संग्रहालय २००२ साली उघडले. ७६२ मिलिमीटर रुळांवरची वाफेची इंजिने व डबे तेथे जवळून पाहता येतात. मूर्तिजापूर, अचलपूर आणि यवतमाळकडच्या आजी-आजोबांनी याच मापाच्या रुळांवरून धावणाऱ्या शकुंतला गाडीने प्रवास केलेला असल्याने त्या भागातील मुले येथे घरचे किस्से घेऊनच येतात. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे, टंकलेखन यंत्र आणि नित्य वापरातील इतर वस्तू जतन केलेल्या आहेत. दीक्षाभूमीवर येणारी कुटुंबे तेथेही जातात.

एका दिवसात पुरेशी होणारी, आणि प्रस्तुत नोंदीच्या मते विदर्भातील सर्वांत चांगली सहल वर्ध्याची आहे, कारण मगन संग्रहालय, सेवाग्राम आणि पवनार ही तिन्ही ठिकाणे काही किलोमीटरांच्या परिघात आहेत आणि तिन्ही एकाच विचाराशी बांधलेली आहेत. मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम येथील मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली चालत असे, आणि गावातल्या कारागिराला सुधारलेले अवजार दाखवावे हा संग्रहालयामागचा हेतू होता. चरख्यांचे नाना प्रकार, तेलघाणी, हातकागद, चुली, मधमाशीपालनाची साधने ही येथे शोभेसाठी नाहीत. कमी श्रमात तेच काम कसे होईल याची ती उदाहरणे आहेत. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतील मुलांना सरकीसकट कापूस विकायची सवय असते. रुईपासून सूत निघताना पाहणे त्यांच्यासाठी गणिताचाही धडा ठरू शकते: किलोभर कापसातून रुई किती, त्या रुईचे कापड किती, आणि त्या कापडाच्या किमतीत शेतकऱ्याच्या वाट्याला किती.

सेवाग्राम वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला आले. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते आणि ते १९४० साली बदलले. आदी निवास आणि बापू कुटी या मातीच्या भिंतींच्या, बांबू-कवेलूंच्या छपराच्या वास्तू आहेत. विदर्भातील बऱ्याच मुलांची जुनी घरे अशीच असल्याने त्यांना त्यांत पाहण्यासारखे काय, हा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. उत्तर वस्तूंच्या संख्येत शोधले तर ते मिळते: एवढ्या मोठ्या चळवळीच्या केंद्रात इतक्या थोड्या वस्तू होत्या. साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी वापरलेला चिमटा आणि पिंजरा तेथे आहे, व मुलांच्या आठवणीत बहुधा तोच राहतो. धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात विनोबांच्या काळी शेतात खणताना प्राचीन शिल्पे सापडली. त्यांतील भरतभेटीचे शिल्प वाकाटककालीन असून ते आश्रमातच पाहता येते.

बुलढाणा, वाशीम आणि अकोला जिल्ह्यांसाठी नागपूर फार दूर आहे. त्यांची सहल लोणारला जाते, बरेचदा जिजाऊंच्या सिंदखेडराजासह. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. ते उल्काघातानेच झाले याला १९७३ साली भक्कम पुष्टी मिळाली, कारण प्रचंड दाबाखालीच तयार होणारा मॅस्केलिनाइट हा काचेसारखा पदार्थ तेथील खडकांत आढळला. बेसॉल्ट खडकातील उल्काविवरे पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत, त्यामुळे चंद्रावरील विवरांशी तुलना करण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात. सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. काठावरून छायाचित्र काढून परतणाऱ्या सहलीला यातले काहीच कळत नाही. खाली उतरून चढून येण्यास अर्धा दिवस लागतो, आणि तेवढा तो द्यावा.

जीवाश्मांच्या बाबतीत चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नागपूरपेक्षा संपन्न आहेत. वरोरा तालुक्यातील पिजदुरा येथे हिस्लॉपच्या काळापासून डायनासोरांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा मिळत आली आहे. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वनविभागाचे जीवाश्म उद्यान असून तेथे डायनासोरांच्या हाडांबरोबर दगड झालेली झाडाची खोडेही पाहायला मिळतात. सिरोंच्याच्या शाळेने ३५० किलोमीटरवरच्या नागपुरात डायनासोरांची प्रतिकृती पाहायला निघण्यापूर्वी हे खरे अवशेष दाखवावेत, हे सांगण्याची गरज पडते, याचे कारण जवळच्या जागेला सहल म्हणायला मुले आणि पालक दोघेही तयार नसतात.

ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्याकडे विज्ञानानेच जावे, या विचाराने देशात १९६५ पासून फिरती विज्ञान प्रदर्शने बसगाड्यांवर निघू लागली. तालुका पातळीवरची शालेय विज्ञान प्रदर्शनी मात्र आजही गावाच्या सर्वांत जवळची असते. तिच्यात थर्माकोलचा ज्वालामुखी आणि ठिबक सिंचनाची प्रतिकृती दरवर्षी दिसते हे खरे; पण फवारणीच्या पंपात किंवा तुरीच्या मळणीत केलेली एखादी सुधारणाही तेथेच प्रथम दिसते.

मोठ्यांची अशी सहल म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात शेतकरी प्रात्यक्षिकांच्या प्लॉटांमधून बांधाबांधाने हिंडतात, नवे वाण हातात धरून पाहतात आणि शास्त्रज्ञांना उभ्या पिकातच प्रश्न विचारतात. गावातून चार-पाच जण मिळून गाडी करतात, शिदोरी बांधून घेतात आणि संध्याकाळी बियाण्याच्या पिशव्या घेऊन परततात.