हिटलरला बहुमत कधी मिळालंच नव्हतं

‘जर्मन जनतेनेच हिटलरला बहुमताने निवडून दिलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. मोकळ्या निवडणुकीत नाझी पक्षाची सर्वांत मोठी मजल जुलै 1932 ची: 37.3 टक्के मतं, संसदेच्या 608 पैकी 230 जागा. नोव्हेंबरात त्या घसरून 196 झाल्या. अध्यक्षपदाच्या लढतीतही हिंडेनबुर्गने त्याला हरवलं होतं.

आणि 30 जानेवारी 1933 रोजी याच हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं! मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तीनच, तेव्हा हा आपल्या मुठीत राहील, असा फॉन पापेनसारख्या उजव्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. घात तिथेच झाला. 28 फेब्रुवारीच्या वटहुकुमाने भाषण, सभा, वृत्तपत्रं यांचं स्वातंत्र्य गेलं, विरोधकांची धरपकड झाली. एवढ्या दहशतीतही 5 मार्चच्या निवडणुकीत नाझींना मतं पडली 43.9 टक्केच.

23 मार्चचा सर्वाधिकार कायदा, म्हणजे संसदेला वगळून सरकारलाच कायदे करू देणारा कायदा, मात्र बारकाईने पाहायला हवा. त्याला दोन तृतीयांश मतं लागत होती. निवडून आलेल्या 81 कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नाही, आत-बाहेर तपकिरी गणवेशातली नाझी पथकं उभी केली, आणि कॅथलिक सेंटर पक्षाने होकार भरला. निकाल 444 विरुद्ध 94. विरोधातले ते सगळे 94 सोशल डेमोक्रॅट होते. त्यांचे काही सहकारी तोवर तुरुंगात होते, काही परागंदा.