केबलचं पॅकेज जाईल, वायर जाणार नाही

चतुर्थीच्या आठवड्यात कोकणातल्या वाड्यांवर एक तक्रार हमखास ऐकू येते: "रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही." एरवी त्याच टॉवरवर मोबाइलवरचे सिनेमे बिनबोभाट चालतात. टॉवर बिघडलेला नसतो, मुंबईहून चाकरमानी आलेले असतात इतकंच. माजघरातल्या टीव्हीवरचं केबलचं चॅनेल मात्र जराही अडखळत नाही. स्ट्रीमिंग केबलला गिळणार का, या प्रश्नाची खरी मेख इथे आहे.

देवळासमोर दशावतार लागला की पन्नास माणसं बसोत नाहीतर पाचशे, नाटक एकदाच होतं. केबलचं तसं आहे. स्ट्रीमिंगमध्ये तोच संकासुर प्रत्येकाच्या खळ्यात वेगळा नाचवावा लागतो. 4जी टॉवरच्या एका बाजूला रेडिओलहरींचा 20 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळाला, तर दोन अँटेनांच्या नेहमीच्या रचनेत कागदावरचा कमाल वेग सेकंदाला 150 मेगाबिट. एचडी चित्राला साधारण 5 मेगाबिट लागतात. म्हणजे सगळं आदर्श असलं तरी प्रेक्षक तीस! त्यात डोंगराआड, जांभ्याच्या जाड भिंतीमागे बसलेल्या फोनला सिग्नल क्षीण पोचतो. त्याच्याशी टॉवरला सावकाश बोलावं लागतं, आणि तो वेळ बाकीच्यांच्या वाट्यातून जातो. फोनवरच्या कांड्या टॉवर किती जोरात ऐकू येतोय तेवढंच सांगतात. त्याला तुमच्यासाठी सवड आहे का, ते सांगत नाहीत.

अडचण कंपन्यांच्या सर्व्हरची नाही. 19 नोव्हेंबर 2023 च्या क्रिकेट विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते आणि ते सांभाळले गेले. अडतं ते शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत.

मग छत्री लावावी? कोकणात तिचंही एक दुखणं आहे. घरावरच्या डीटीएच छत्रीला उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी 10 ते 12 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीच्या असतात. जुलैतल्या मुसळधार सरीतले टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. सुमारे 36,000 किलोमीटरचा प्रवास सुखरूप झालेला सिग्नल शेवटच्या पाच-सहा किलोमीटरांच्या पावसात गारद होतो. दिवसभर भुरभुरणाऱ्या पावसाने काही होत नाही, सर किती जोराची आहे त्यावर सगळं ठरतं. केबलवाल्याच्या गच्चीवरच्या अजस्र तबकड्या 4 गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकतात. त्या लहरी जवळजवळ दुप्पट-तिप्पट लांब, म्हणून त्यांना पावसाचं फारसं सोयरसुतक नाही. छत्रीवर "नो सिग्नल" आलं असताना शेजाऱ्याची केबल चालू दिसते, ती यामुळे.

तरीही केबलचं पॅकेज टिकेल असं मला वाटत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि मालिका आपल्या सवडीने बघायची चटक लागली. ती सुटणार नाही. ज्यांना महिन्याला पैसेच भरायचे नाहीत त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे (पावसाळ्यातल्या रुसव्या-फुगव्यांसकट). मधल्यामध्ये न बघितल्या जाणाऱ्या शंभर चॅनेलांचे पैसे कोण किती वर्षं भरणार? थेट सामने तेवढे काही काळ तग धरतील. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून, ते आधी साठवून मग दाखवतात. त्यामुळे तुमच्या फोनवर गोलंदाज धावत येत असतो तेव्हा शेजारच्या घरात विकेटचा आरडाओरडा होऊन गेलेला असतो.

वायर मात्र जाणार नाही, फक्त तांब्याऐवजी काचेची होईल. केबलवाल्या दादांपैकी अनेकजण आता ब्रॉडबँड देतात, ते याच काचेच्या धाग्यावर, म्हणजे फायबरवर. घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका धाग्यातून सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट येतात आणि ते 32 किंवा 64 घरांत वाटले जातात. चौसष्टही घरं एकाच वेळी बसली तरी प्रत्येकी जवळपास 39 मेगाबिट. एका घरात सात एचडी टीव्ही लावले तरी पुरेल इतकं! चतुर्थीची रडकथा इथे संपते. शिवाय प्रकाश वाटून देणारा तो काचेचा स्प्लिटर विजेशिवाय चालतो. तांब्याच्या केबलला ठरावीक अंतरावर अँप्लिफायर लागतो आणि त्याला वीज. खांबावरची वीज गेली की पुढची सगळी घरं बंद. 3 जून 2020 ला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ धडकलं, तेव्हा कित्येक गावं आठवडे अंधारात होती. त्यांना याचं मोल सांगायला नको.

फायबरचा जीव मात्र नाजूक. नारळाची झावळ पडून तांब्याची वायर तुटली, तर सुरी आणि चिकटपट्टीवर वेळ मारून नेता येते. फायबरमधला प्रकाश वाहणारा गाभा फक्त 9 मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. दोन टोकं साफ, काटकोनात कापून मशीनमध्ये समोरासमोर धरायची आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करायची. टोकाला धुळीचा कण चिकटला तरी जोड पुन्हा करावा लागतो. ते महागडं मशीन बहुधा तालुक्याच्या गावी असतं, आणि भर पावसात ते घेऊन येणारा माणूस वाडीपर्यंत कधी पोचतो, यावर त्या दिवसाचं स्ट्रीमिंग अवलंबून.